सव्वा मूठ

बहात्तरच्या श्रावणात बोरी नदी
पारोळ्याच्या पुलाखालून गेलीच नाही.
बाया वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या,
रेशनला तांबडी मिलो आली होती,
तिची भाकरी थापताना आई तव्याशी भांडायची.

तरी कानबाई यायचीच.
नागपंचमीनंतरचा रविवार तिला कुणी कळवावा लागत नाही.
रोटाचे गहू घरातल्या गड्यांच्या नावानं घेतात :
सव्वा मूठ बाबांची, सव्वा झिपरूकाकांची,
सव्वा माझी, अकरा वर्षांच्या गड्याची.
मग आईचा हात पुन्हा डब्यात गेला.
"हिलालनी," ती म्हणाली.

काकांनी फळीवरच्या तारेकडे पाहिलं.
तारेत कामाचा शब्द एकच होता, बेपत्ता.
पोस्टमननं तो मराठीत करून सांगितला होता
चपला दाराबाहेर काढून.
"वहिनी, नसलेल्या माणसाचे गहू घेत नाहीत."
आईची मूठ तशीच राहिली, सुपावर, हवेत.
"पोऱ्या जित्ता शे,"
आणि मूठ सोडून वर पाव मूठ टाकली,
सांडलेले दोन दाणेही वेचून.

रोट भाऊबंदांतच खायचा, परक्याला नाही,
आणि पुनवेच्या आत संपवायचा.
हिलालच्या वाट्याचा तिनं फडक्यात बांधून
आढ्याला टांगला.
तिसऱ्या रात्री मी कणगीवर चढलो.
वाळून गेला होता. चावल्याचा आवाज होऊ नये
म्हणून थुंकीत भिजवत बसलो अंधारात.
फडक्यात बांधलं कौलाचं एक खापर.
पुनवेला आईनं गाठ न सोडताच
ते झिऱ्यात सोडलं.
लगेच बुडालं.
ती बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली,
माझ्याकडे नाही.

भाद्रपदात पत्र आलं, रेड क्रॉसचं,
दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात :
माताजी, मैं यहाँ कुशल हूँ.
मास्तरांनी दोनदा वाचलं.
"हाई मना हिलालनं बोलनं नही," आई म्हणाली.
रात्री मात्र तो कागद ती हुंगत होती,
वासरू हुंगावं तशी.

मार्गशीर्षात तो आला.
अमळनेर स्टेशनावर उतरला आणि
हात मांड्यांना चिकटवून
रांगेत उभा राहिला.
रांग नव्हती तिथे.

पुढे त्यानं पिठाची गिरणी टाकली.
लग्न केलं, लेकी दिल्या, दात काढले.
कॅम्पबद्दल विचारलं की म्हणायचा,
थंडी लई व्हती.
बस.

मागच्या वर्षी एकदा वीज गेली,
दळण अर्ध्यात, आम्ही पायरीवर.
तो आपणहून बोलू लागला, रस्त्याकडे बघत.
बराकीत सदतीस होतो.
संत्री पहाटे कंदील घेऊन यायचा,
घोंगड्यांबाहेरचे पाय मोजायचा,
भागिले दोन.
गुंटूरकडचा वीरय्या, मांडी सडलेली,
एका रात्री गेला.
आम्ही त्याचे पाय झाकले नाहीत.
दोन दिवस त्याच्या रोट्या येत राहिल्या.
"वाटून खाल्ल्या. माझ्याकडे
एक घास जास्त आला होता."

मग तो पायरीवरचं पीठ बोटानं पुसत राहिला,
पुसलं की पुन्हा बसायचं.
मला काही चांगलं सुचायला हवं होतं.
मी म्हणालो, दादा, बहात्तरचा तुझा रोट
मी खाल्ला. फडक्यात खापर होतं.

समोरून एक ट्रॅक्टर गेला, केळीचे घड लादलेला.
त्याचा आवाज पार धरणगावच्या वळणापर्यंत
आम्ही दोघांनी ऐकला.

"तूप व्हतं का त्याले?"

कोठलं तूप, मी म्हणालो. बहात्तर साल ते.

तो हसला की खोकला,
पिठामुळे कळलं नाही.