खुणेचा कडा

खसबच्या धक्क्यावरून सकाळी नऊला सुटतो आमचा डाऊ.
गालिचे, लोड, वेलचीचा काहवा,
एकोणीस पाहुणे, सतरा फोन.
मी मागच्या अंगाला भजी तळतो
आणि पुढून मार्लन गाईडचा आवाज येतो,
रोज त्याच वळणावर तेच वाक्य :
“हा काळा कडा बघा. पहिल्यावहिल्या शोधक-प्रवाशांनी
आपल्या रोजनिशीत याची नोंद केली आहे.”
सतरा फोन वर होतात.
कढईत तेल तापलेलं असतं.
मी कांदा सोडतो.

नोंद मी पाहिली आहे एकदा.
बंदराच्या कचेरीत, काचेखाली, पिवळा नकाशा.
कड्याच्या जागी सुरवंटाच्या केसांसारख्या रेघा,
वर कुणा लेफ्टनंटचं आडनाव
आणि पाण्यात पेरलेले आकडे :
नऊ. चौदा. एकवीस वाव.
वाव म्हणजे पसरलेले दोन हात.
शिशाचा गोळा कुणीतरी सोडलाच असेल ना खाली,
ओली दोरी ओढत, हात पसरत, मोजत,
ओरडून सांगितला असेल आकडा वर बसलेल्या साहेबाला.
आमच्याच किनाऱ्याचा असेल एखादा,
जयगडचा, नाहीतर दाभोळचा.
नकाशावर तळहात उमटत नाहीत.

कासमचाचा म्हणायचा, डोंगर बघायचा नसतो रे,
डोंगर लावायचा असतो.
बुरुजाचं टोक आणि मागचा वाकडा माड
एका रेषेत आले की खडक चुकला,
मग खुशाल विडी पेटव.
तो माड वादळात गेला तेव्हा
चाचा आठवडाभर समुद्रावर गेला नाही.
कुणी विचारलं तर म्हणे, घरात मयत आहे.

मार्चमधल्या एका मंगळवारी
शमाल सुटला आणि धूळ उतरली खाडीत.
आधी कडे गेले, मग पाणी,
मग डाऊचं नाकसुद्धा.
पडद्यावरचा हिरवा ठिपका दोनदा लुकलुकला, विझला.
मार्लनला सगळी वाक्यं पाठ होती,
त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

मुसब्बह कुमझारीनं इंजिन बंद केलं.
सत्तरीचा म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू.
दोन्ही हात तोंडाशी नेऊन
त्यानं एक शब्द फेकला धुळीत
आणि बोटं मिटत राहिला.
एक. दोन. तीन.
तोच शब्द परत आला, जाडसर, दगडातून भिजून.
“डावीकडे,” तो म्हणाला.
पुन्हा हाक. या वेळी दोनच बोटं.
“अजून डावीकडे. हळू.”
असे आम्ही आलो, हाकेहाकेनं,
भिंतीला हात लावत अंधाऱ्या घरात यावं तसे.
पाहुण्यांपैकी एक बाई रडत होती,
तिचा नवरा तिला सारखा पाणी देत होता.

धक्क्याला दोर बांधल्यावर मी विचारलं,
“काय ओरडत होतात?”
“त्याचं नाव,” तो म्हणाला. “आणखी काय?
आपलं नाव ऐकल्यावर कोण गप्प बसेल?”

ते नाव इथे लिहीत नाही.
एक तर मला ते नीट धरता आलं नाही,
आणि लिहिलं तर पुन्हा
काचेखाली जाईल.

मुसब्बह सांगतो, पूर्वी हिंदची गलबतं
या तोंडाशी आली की
खलाशी नारळ सोडायचे पाण्यात.
मार्लनच्या वाक्यांत हे नाही.
बुधवारी आभाळ धुतल्यासारखं होतं,
कडा उभा, एक बकरी वर कशाला तरी चिकटून,
सतरा नाही, बावीस फोन.
चटणीचा नारळ मी फोडला नाही.
मागच्या बाजूनं हळूच सोडला.
बुडाला नाही, कड्याकडेही गेला नाही,
आमच्याच मागे मागे येत राहिला बराच वेळ.

मालकानं विचारलं, चटणी कुठे?
म्हटलं, संपली.