मापाची वही

भिंतीवर त्याने पेन्सिलीने रेघ मारली
आणि म्हणाला, "इथनं पुढं सगळं पडतंय बघा, बाई."
पडतंय, म्हणजे जणू आपसूक.
घणाचं नाव नाही.

वडगावातल्या बोळात
फंडाच्या पैशांतून घेतलेलं हे घर:
पुढे दोन खोल्या, मागे एक लांबच लांब, पत्र्याची,
खिडक्या हात न पोचणाऱ्या उंचीवर.
आधीच्या मालकांनी ती नुसती 'हॉल' म्हणून विकली.
मला तिथे ओटा हवा होता, मोरी हवी होती
आणि भाडेकरूला वेगळं दार.

गुरशिद्द ढवळी, कॉन्ट्रॅक्टर.
एस्टिमेट त्याने भाचीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं.
पेन इतका दाबला की सिमेंटचे आकडे
पलीकडे वधूवरांच्या नावांमधून वर आले.
ॲडव्हान्स मागताना म्हणाला, "हत्तु साविर."
पावती देताना म्हणाला, "दहा हजार."
पैसे दोन्ही भाषांत सारखेच गेले.

तीस वर्षं मी गणित शिकवलं.
सवयीने वही घातली:
डावीकडे काम, उजवीकडे त्याचा शब्द.
प्लंबर – नाळे.
चौकट – नाळे.
फरशी बघायला जायचं – नाळे, नक्की नाळे.
मराठीतली नाळ एकदा कापली की मूल मोकळं होतं.
ही कापता कापेना.

पाणी पाच दिवसांनी यायचं.
ते नव्या भिंतीने प्यावं की मी,
यावरून लगमव्वाशी माझं वाजलं.
डोक्यावरची बुट्टी न उतरवताच ती म्हणाली,
"भिंत वाळली तर चिरतीय, बाई.
माणूस काय तेवढ्यात चिरत नाही."
मी पिंप तिच्याकडे सरकवलं
आणि शेजारून तांब्या मागून आणला.

मग एका बुधवारी, जमीन उकरताना
मशाकची पहार आत गेली.
गेलीच.
माती बसली, आणि चौकोनी तोंडाचा एक खड्डा
मांडीइतका खोल, राखेने बुजवलेला.
मला दिसलं ते ड्रेनेज. मला दिसला जादा खर्च.
ढवळी आला. चालू फोन तसाच खिशात टाकला.
"मग्गद गुंडी," म्हणाला.
मी मनात म्हटलं, माग.
त्याचा मग्ग, माझा माग,
खड्डा मोजला तर दोघांचा एकच.

राख काढायला लावली.
मग नवी पॅन्ट वर न ओढता
काठावर बसला, पाय आत सोडले,
आणि ते पाय, उजवा, डावा, उजवा,
तिथे नसलेल्या पावड्यांवर पडू लागले.
खिशातून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.
"आमचा खासबागला होता," तो म्हणाला.
"बापानं बुजवला तेव्हा वाळू मीच ओढली.
सहावीत होतो की ओ."

मिक्सर थांबला होता, त्याचं भाडं चालू होतं.
ते मी वहीत मांडलं.
मग खोडलं.

तो उठला, मागची धूळ झटकली, टेप ओढली.
"तीन बाय अडीच. भरायचा तर अर्धा ब्रास मुरूम.
न्हाईतर वर कडप्पा टाकतो, हलवता येईल असा.
कांदे ठेवा, बाई. आत गार असतंय."
कांद्यांचं मला पटलं.

शेवटच्या बिलात सगळं आलं:
वाढलेले नळ, जास्तीच्या वाळूची खेप,
त्याच्याच माणसांनी फोडलेल्या माझ्या टाइल्स,
आणि सर्वांत खाली, कडप्पा एक, सातशे.
टाइल्सवरून आम्ही तासभर भांडलो.
कडप्प्यापाशी आलो
तेव्हा दोघांनीही पान उलटलं.

भाडेकरूचं दार अजून बसायचंय.
तिथे सध्या प्लायवूड आणि एक वीट.
परवा फोन केला.
तो काय म्हणाला,
ते आता मी वहीत लिहीत नाही.