रकाना अकरा

रकाना अकरा : घरात बोलली जाणारी भाषा.
एकच लिहायची, असं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं.
रकाना बारा : इंग्रजी. उत्तम, बरी, मोडकी, नाही.

बाबाजीपुऱ्यातलं सहावं घर, दाभाड्यांचं.
मुकुंदराव म्हणाले, मराठी. लिहा.
आतून इलाबेन, हा हा, मराठी ज लखो,
आणि पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या.
एकतीस वर्षं हे मराठीत भांडतात, त्या गुजरातीत.
दोघांचंही एक वाक्य
अजून वाया गेलेलं नाही.

हिशेब कशात करता? मी विचारलं.
फॉर्मात नव्हतं, तरी विचारलं.
भाजीचा गुजरातीत.
उसनवारीचा मराठीत, पाढ्यांसकट.
बँकेचा ओटीपी मात्र हिंदीत वाचतात,
छह, नौ, दो, चार,
फोनवरची बाई तसं बोलते म्हणून.

मुलगा ऋतुध्वज. रात्रभर कानाला हेडफोन,
अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं सोडवतो.
‘उत्तम’वर टिक करताना वडील वाकून बघत होते
नीट पडली का.
इलाबेन हळूच म्हणाल्या, ऊंघमां तो
‘मम्मी, पाणी’ ज बोले छे.
आता हे पाणी कुठल्या भाषेतलं,
ते मी विचारलं नाही. प्यायले.

नात कुत्र्याशी इंग्रजीत बोलते. सिट. नो. गुड बॉय.
बाकी कुणाशी नाही.
मुकुंदराव स्वतःपुढे ‘मोडकी’ लिहा म्हणाले,
मग जरा थांबून, सही इंग्रजीतच करतो हां मी.
करून दाखवली. शेवटच्या ई-ला लांब शेपूट.
मी खोडून ‘बरी’ केलं.

अशी बेचाळीस घरं.

वाडीतली आमची मराठी शाळा गेल्या जूनमध्ये मिटली.
सात मुलं उरली होती, त्यातली दोन भावंडं.
आता गुजराती पाचवीला पर्यावरण शिकवते.
खिडकीला बारी म्हणते. कऱ्हाडची वहिनी हसते,
रविवारी, फोनवर, दहा मिनिटं.

त्रेचाळीसावं घर माझंच.
व्यक्ती : एक.
रकाना अकरा. मराठी, लिहिलं लगेच,
मग पेन्सिल तशीच धरून बसले.
बोलली जाणारी, म्हणजे कुणाशी?
दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो.
कुकरशी मी शिट्ट्या मोजते, पण मनात.
रकाना बारा : वाचता येते,
बोलायची वेळ येत नाही.
असा पर्याय नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपट वास,
आणि मी, एकटी, उठता उठता,
चांगली मोठ्यानं,
हाय हाय, ऊभराई गयुं!

गॅस बंद केला. ओटा पुसला.
परत येऊन
खोडरबर शोधायला लागले.