दोर मोकळा

गगनबावड्याच्या खाली, मे महिन्यात
धबधबा म्हणजे नुसता उभा कातळ.
दस्तगीरनं दोर सोडला.
तो तळाला पोचल्याचा आवाज जरा उशिरा आला.
"भ्या वाटतंय व्हय, म्याडम?"
"न्हाई," म्हटलं, आणि गाठ तिसऱ्यांदा चाचपली.

मागं रेलायचं असतं.
शरीराला पटत नाही;
बावीस वर्षं ते पतपेढीच्या खिडकीत
पुढंच वाकलेलं.

निम्म्यात लोंबकळत थांबले.
पाण्यानं घोटलेल्या खोबणीत वाळकं शेवाळ,
त्यात एक बेडूक,
ही पायरी त्याचीच असल्यासारखा.

तळाला पाय लागले तशी ओरडले, "दोर मोकळा!"
घळीनं तीनदा परत म्हटलं,
शेवटचं जरा आईच्या आवाजात.

मग दस्तगीर उतरला
आणि त्यानं दोर ओढून घेतला.
सळसळत आला, पायाशी पडला.
वर जायची वाट
आता कुणाकडंच नव्हती.