पोर्ट त्रेपन्न

क्लाक्सविकच्या बंदरात रात्रीचे तीन.
रान्वाच्या काळ्या पडद्यावर पॅकेटांचा लोंढा:
शीतगृह, कॅमेरे, कुणाची तरी फुटबॉलची मॅच.
ती एक अट घालते. अर्धं गळून जातं.
आणखी एक: फक्त पोर्ट त्रेपन्न.
चाळणीत खडा तेवढा उरतो.

धक्क्यावरचा जुना वजनकाटा
विचारतोय,
सोलबोर्ग कुठे आहे?
असं नावच नाही, सर्व्हर सांगतो.
तीस सेकंद.
सोलबोर्ग कुठे आहे?

बोट भंगारात काढून सहा वर्षं झाली.
रान्वाचा बाप होता तिच्यावर,
कॉडचे आकडे ओरडून सांगायचा.

कंट्रोल-सी.
पकडली: चारशे बारा. निसटली: शून्य.

काट्याची वायर उपटायला ती खाली जाते
आणि आधी स्वतःच चढते त्यावर.
बुटांसकट एकसष्ट किलो.