काय म्हणलाली ती?

देगलूरची शेवटची फेरी उरकून
तिकिटाचं मशीन डेपोत जमा केलं
की मी जळकोट रोडला, महानंदाच्या मेसवर.
पोरं जेवून गेलेली असतात.
फरशीवर ताटांचे ओले गोल,
कुणाचं तरी विसरलेलं फिजिक्सचं गाईड.
ती माझ्यासाठी पीठ राखून ठेवते.
केलेली भाकर नाही, पीठ.
“गार भाकर पोरांला चालती. तुला नाही.”

मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवलेला,
त्यात जपानातल्या दोघी.
आधी कुणीतरी त्यांना कागदावर काढलं होतं, चौकटी-चौकटीत;
आता त्या उठून हाडामांसाच्या झाल्यात.
एकीचं स्टेशनाजवळ जाड शेवयांचं दुकान,
दुसरी टपाल वाटते, रोज येते, खाते, जाते.
अर्ध्या तासात एवढंच घडतं.
बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी,
आणि महानंदा सातवी पास.

मी एम.ए. इंग्रजी.
संस्थेला द्यायला वीस लाख नव्हते, म्हणून कंडक्टर.
त्या डिग्रीचा एवढाच उपयोग झाला:
रात्री साडेनऊला एका बाईला सांगणं
की दुसरी बाई काय म्हणाली.

भाकर थापता थापता ती विचारते,
“काय म्हणलाली गं ती?”
“रस्सा गरम आहे म्हणते, फुंकून पी.”
“आन् ही?”
“ही काही म्हणत नाही. पिते.”
“बरोबर हाय.”

महानंदाचे आक्षेप पुष्कळ.
काड्यांनी खाऊन पोट कसं भरतं?
मीठ चमच्यानं मोजतात, हातावर इश्वास नाही का?
त्या टपालवालीला एकदा अंबाडीची भाजी घालायला पाहिजे,
कण्या टाकून, वर लसणाचं कडकडीत तेल.
मग बोलंल. नुसत्या भातानं माणूस असंच गप ऱ्हातं.

मी हसते. माझ्या ताटात शेंगोळे,
हुलग्याच्या पिठाचे, तिनं बोटावर वळलेले,
एकेका वेढ्याला तिच्या करंगळीचं माप.
मी ते आधी मोजते, मग खाते.
हे तिला माहीत नाही.

सहाव्या भागात दुकानाची फळी लागली.
शेवयावाली वाडगं धुता धुता थांबली
आणि पाठमोरीच काहीतरी बोलली.
खाली पांढरे तीन शब्द आले, थांबले, गेले.
तव्यावर भाकर फुगत होती.

“काय म्हणलाली?”

दिवसभर मी साठ माणसांवर ओरडते,
मागं सरका, सुटे द्या, दार लावा.
आणि आता जीभ
चढाला बंद पडलेल्या गाडीसारखी.
मराठीत आहेत ते शब्द.
सिनेमात आहेत, रिक्षांच्या मागं रंगवलेत.
आम्हा दोघींच्या मापाचे
कुणी शिवलेले नाहीत.

म्हणलं, “म्हणते… आणखी एक घे.”

महानंदानं भाकर उलटली.
मोबाईलमध्ये टपालवाली रडत होती.
“आणखी एक घे म्हणल्यावर
असं रडतंय व्हय कुणी?”

मी ताटाकडं बघत राहिले.
तिनं पिठाचा हात पदराला पुसला,
करंगळीनंच चित्र मागं ओढलं.
शेवयावाली पुन्हा बोलली.
पुन्हा ओढलं. पुन्हा बोलली.
महानंदा अक्षरं बघत नव्हती,
त्या बाईची पाठ बघत होती.

मग मोबाईल पालथा ठेवला.
माझ्या ताटात, न विचारता,
पापुद्रा सुटलेली एक भाकर आली,
मधोमध लोणी, लोण्यात बोटाचा खळगा.
“घे,” ती म्हणाली. “आणखी एक.”
आणि गॅस बारीक करायला वळली,
वळली ती वळलेलीच राहिली.

पहाटे पाचला माझी निलंगा गाडी.
उठायला पाहिजे होतं.
मी विचारलं,
“पीठ किती राहिलंय?”