तेलातली चांदी

सहा तासांची शर्यत करून
गाडी उद्यमनगरात आली ती टेम्पोतून.
विश्वतेज म्हणाला, "पाचवा आलो, दस्तगीरभाई.
शेवटचा तास नुसती टकटक ऐकत चालवली."

मी ड्रेनचा बोल्ट सोडला.
काळं तेल परातीत उतरलं
आणि ट्यूबलाइटखाली चमकायला लागलं.
बेअरिंगची पूड.

हुपरीत माझा दोस्त आण्णू
पैंजणांच्या कारखान्यात रोज संध्याकाळी
फरशी झाडतो, केर जाळतो,
राखेतनं चांदी परत काढतो.
हात धुतलेलं पाणीसुद्धा ओतून देत नाही.

हे कोण काढणार परत?

हेड उचललं.
रिंगा झिजून पात्यासारख्या,
ब्रेक पॅड पापडाएवढे उरलेले,
क्लचला करपलेल्या शिंगाचा वास.
एक फेरी कुठलंही इंजिन मारतंय, लेका.
दोनशे दहावी मारताना
मधलं तेल फाटतं,
आणि लोखंडाला लोखंड भेटतं.

तिसऱ्या सिलेंडरच्या भिंतीवरनं अंगठा फिरवला.
काल रेशनच्या मशीननं हाच अंगठा
चारदा नाकारला; रेघाच नाहीत म्हणे.
पण ओरखडा लागला. वरनं खाली, तिरका.

"बोअर मारू, मोठा पिस्टन घालू."
"असं किती वेळा जमतं?"
"दोनदा. मग भिंतच उरत नाही."

तो गप्प बसला, हेल्मेट मांडीवर.
परातीत अजून
थेंब पडत होता.